जोडा चावतो तेव्हा

नवा जोडा पायाला लागला म्हणजे मराठी माणूस ‘जोडा चावला’ असे म्हणतो. ‘लागला’, ‘घासला’, ‘बोचला’ असे साधे शब्द हाताशी असताना भाषेने येथे दातांच्या प्राण्याला शोभणारे क्रियापद का निवडावे, हा प्रश्न टाचेवर टपोरा फोड घेऊन लंगडत घरी परतलेल्या माणसाला पडत नाही. त्याच्या दृष्टीने शब्द अगदी अचूक असतो. मात्र या शब्दामुळे एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चावणारा तो जोडा आणि चावला जाणारा तो पाय, अशी सरळ वाटणी झाल्यामुळे सगळा अपराध जोड्याच्या माथी बसतो. जोडा मऊ केला, त्याला एरंडेल चोळले, टाचेकडचे चामडे ठोकून घेतले की काम झाले असे वाटते. फोड येण्याचे खरे कारण त्याहून निराळे आहे आणि ते पुष्कळसे कातडीच्या आतच आहे.

घरापासून स्थानकापर्यंत चालणाऱ्या माणसाला हे कारण ठाऊक नसले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. फोड आला तर दोन दिवस चप्पल घालावी, एवढ्यावर भागते. परंतु लांब पल्ल्याच्या धावकाची गोष्ट वेगळी आहे. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. एका पावलात एक मीटर अंतर काटले जाते असे ढोबळ मानाने धरले, तर शर्यत संपेपर्यंत प्रत्येक पाय एकवीस हजार वेळा जमिनीवर आपटतो. एखादा दोष एका पावलात नगण्य असला, तरी तो एकवीस हजार वेळा तसाच घडत गेला म्हणजे त्याचे काय होईल याचा अंदाज कोणालाही करता येईल. सहा-सहा महिने पहाटे उठून ज्याने छाती आणि पोटऱ्या तयार केल्या, त्याला रुपयाच्या नाण्याएवढ्या फोडाने तिसाव्या किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला बसवावे, असे प्रत्येक मोठ्या शर्यतीत घडत असते. शिवाय फोड आलेला धावक थांबला नाही तर तो पाऊल वाकडे टाकू लागतो. दुखरी जागा चुकवण्यासाठी भार भलत्याच बाजूवर जातो आणि मग गुडघा, घोटा किंवा कंबर धरते. फोड पाच-सहा दिवसांत बरा होतो. गुडघ्याला महिने लागतात.

जोडाच नको म्हणून अनवाणी धावावे, हा उपाय पुष्कळांना सुचतो आणि त्यामागे इतिहासही आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतून आलेले तरुण अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले. हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला पाठवावेत या कल्पनेला तेथेच जोर चढला. पुढच्याच वर्षी अँटवर्प येथे गेलेल्या त्या पहिल्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पच्या मॅरेथॉनचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरचा होता. चौगुले यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा केला आणि ते एकोणिसावे आले. आज हे नाव महाराष्ट्रातही फार थोड्यांना आठवते, ही खेदाची गोष्ट आहे.

अनवाणी धावण्याची सर्वांत गाजलेली कथा १९६० सालच्या रोम ऑलिंपिकची आहे. इथिओपियाचे अबेबे बिकिला रोमला पोहोचले तेव्हा त्यांचे जुने बूट झिजले होते. नवे बूट घातले तर पायाला फोड येऊ लागले. बिकिलांनी मायदेशी अनवाणी धावण्याचा सराव केलेला होता. त्यांचे प्रशिक्षक ऑन्नी निस्कानेन यांच्याशी विचारविनिमय होऊन बूट बाजूला ठेवायचे ठरले. रोमच्या प्राचीन आपियन मार्गाच्या फरसबंदीवरून, मशालींच्या उजेडात, हा सैनिक २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी पोहोचला. तोपर्यंत जगात कोणीही मॅरेथॉन इतक्या कमी वेळात धावले नव्हते. ही कथा सांगणारे बहुतेक लोक येथेच थांबतात आणि अनवाणी पायांचे गुणगान सुरू करतात. कथेचा उत्तरार्ध मात्र चार वर्षांनंतरचा आहे. १९६४ साली टोकियोला त्याच बिकिलांनी पुन्हा सुवर्णपदक मिळवले, वेळ आणखी तीन मिनिटांनी कमी केली, आणि त्या वेळी त्यांच्या पायांत बूटही होते आणि मोजेही. रोममध्ये त्यांनी बूट टाकले ते तत्त्व म्हणून नव्हे. मापाचे बूट नसताना शहाण्या माणसाने काढलेला तो मार्ग होता.

आपल्याकडे शिवनाथ सिंग हे अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जात. १९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ते अकरावे आले. अशा माणसांच्या तळव्यांची कातडी लहानपणापासून मातीवर आणि दगडांवर घडलेली असते. शहरात वाढलेल्या, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी धावायला लागलेल्या गृहस्थाने त्यांचे अनुकरण एका सकाळी डांबरी रस्त्यावर केले, तर संध्याकाळी त्याच्या तळव्यांवर जोड्याने आले असते त्याहून मोठे फोड दिसतील.

आता फोड येतो कसा ते पाहू. तव्यावरून उतरलेली भाकरी निखाऱ्यावर टाकली म्हणजे ती फुगते आणि वरचा पापुद्रा खालच्या भागापासून सुटतो. फोडाचे रूप हुबेहूब असेच असते, पण क्रम उलटा असतो. भाकरीत आधी वाफ होते आणि तिच्या जोराने पापुद्रा उचलला जातो. पायात आधी पापुद्रा सुटतो आणि त्या पोकळीत मागाहून पाणी भरते. तो सुटतो कसा, हीच यातली मुख्य गोष्ट आहे. धावताना पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा पायातले हाड पुढे सरकू पाहते. कातडीचा वरचा थर मात्र मोज्याला चिकटलेला असतो, मोजा जोड्याला धरून असतो आणि जोडा जमिनीला. आतले हाड चालले पुढे आणि बाहेरची कातडी राहिली जागच्या जागी. मधल्या मऊ थरांची ओढाताण होते. पाऊल उचलताना हीच ओढ उलट दिशेला बसते. पत्त्यांच्या कॅटवर तळहात दाबून तो पुढे-मागे हलवला तर पत्ते जसे एकमेकांवरून तिरपे सरकतात, तशीच ही क्रिया आहे. हजारो वेळा असे झाले की वरच्या मृत पेशींच्या जाड थराखाली जो जिवंत पेशींचा काटेरी थर असतो तो फाटतो, आणि त्या चिरेत रक्तातून पाझरलेला स्वच्छ द्रव भरू लागतो. दोनेक तासांत ती जागा पुरती फुगते.

यावरून दोन गोष्टी उलगडतात. पहिली अशी, की फोडासाठी वरवर घासणे अवश्य नसते. कातडी न घासताही आतून ताणली जाऊ शकते. म्हणूनच ज्याच्या जोड्याला कोठेही खरखरीतपणा नाही अशालाही फोड येतो. दुसरी गोष्ट अशी, की फोड सहसा तळपाय, टाच, बोटांची टोके आणि तळहात अशा जाड कातडीच्या जागीच येतात. मांडीवर किंवा काखेत कातडी पातळ असते, तेथे घर्षणाने ती सोलवटते. फोड येत नाही. मेरियन सुल्झबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे सैन्याच्या रुग्णालयात घर्षणाचे यंत्र करून स्वयंसेवकांच्या कातडीवर मुद्दाम फोड आणून पाहिले. १९६६ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वयंसेवकांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

ओढाताणीचा जोर कशाने वाढतो, तर मुख्यतः ओलाव्याने. कोरडी कातडी मोज्यावरून सहज सरकते. पाण्याने निथळणारी कातडीही काही काळ निसटती राहते. पण या दोहोंच्या मधली, घामाने दमट झालेली कातडी मोज्याला घट्ट धरून ठेवते. इंग्लंडमध्ये पी. एफ. डी. नेलर यांनी १९५५ साली कातडीच्या घर्षणाचे मोजमाप करून दमटपणाने घर्षण वाढते हे दाखवून दिले. स्वयंपाकघरात याचा पडताळा रोज येतो. कोरड्या बोटाने कागद उलटत नाही, तेव्हा दुकानदार बोट जिभेला लावतो आणि कागद लगेच चिकटून येतो. धावकाच्या पायाची स्थिती त्या ओल्या बोटासारखी असते. शिवाय तासन्‌तास ओली राहिलेली कातडी धुणे धुणाऱ्या हातांसारखी पांढरी, सुरकुतलेली आणि दुबळी होते, आणि मग ती थोड्या ओढीनेही फाटते.

म्हणून फोड टाळण्याचा विचार मोज्यापासून सुरू करावा. आपल्याकडे सुती वस्त्राविषयी आदर आहे आणि उन्हाळ्यात अंगावर घालण्यास सुतासारखे दुसरे काही नाही हे खरेच. पण पळताना पायात सुती मोजा घालणे ही चूक आहे. सूत घाम पिते आणि धरून ठेवते; भिजलेला मोजा सैल होतो, त्याला चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी कातडीवर एक कडा बनते. अॅक्रिलिक, पॉलिएस्टर अशा कृत्रिम धाग्यांचे मोजे घाम स्वतःत न साठवता बाहेरच्या बाजूस पोहोचवतात. १९९० साली अमेरिकेत पस्तीस धावकांवर केलेल्या तुलनेत अॅक्रिलिकच्या गादीदार मोज्यांत फोड कमी आले आणि जे आले ते लहान होते. त्याच संशोधकांनी तीन वर्षांनी साध्या बनावटीचे मोजे घेऊन पुन्हा तुलना केली, तेव्हा हा फरक दिसला नाही. तात्पर्य असे की केवळ धाग्याचे नाव वाचून मोजे घेऊ नयेत; विणही पाहावी. सैन्यात एक जुनी युक्ती आहे: आत पातळ, गुळगुळीत मोजा आणि त्यावर जाड मोजा. अशाने ओढाताण कातडी आणि मोजा यांच्यात न होता दोन मोज्यांच्या मधे होते आणि कातडी सुटते. फक्त दोन मोजे घालायचे तर जोडाही त्या हिशेबाने मोठा हवा, नाही तर एक दुखणे टाळताना दुसरे ओढवते. ज्यांच्या बोटांच्या मधे फोड येतात त्यांना हातमोज्यासारखे बोटांचे मोजे चांगले लागू पडतात. दिसायला ते विचित्र दिसतात, पण धावकाच्या पायांकडे पाहतो कोण?

जोड्याविषयी थोडे सांगणे पुरे. तो सकाळी विकत घेऊ नये, सायंकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा सुजतो आणि लांब धावतानाही तो तसाच सुजणार असतो. दोन पाय सारखे नसतात. मोठ्या पायाच्या मापाने जोडा घ्यावा. उभे राहून पाहिले असता सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, पण टाच मात्र उचलली जाऊ नये. पुढून मोकळा आणि मागून घट्ट, असा हा दुहेरी नियम आहे. पुष्कळांच्या जोड्याला घोट्यापाशी एक जादा भोक असते आणि ते बहुधा रिकामेच राहते. नाडी त्या भोकातून ओवून बांधली की टाच जागेवर राहते. आणि नव्या जोड्यात शर्यत कधीही धावू नये. हे वाक्य प्रत्येक धावकाला पाठ असते, तरी दरवर्षी कोणी ना कोणी शर्यतीच्या आदल्या दिवशी भरणाऱ्या बाजारातून चकचकीत जोडा घेऊन दुसऱ्या दिवशी त्यात धावतोच.

कातडीला तूप, तेल, व्हॅसलीन लावण्याची चाल सर्वत्र आहे. कोकणात भेगाळलेल्या टाचांना कोकमाचे तेल लावतात आणि भेगांवर ते गुणकारी आहे. टाचेची भेग आणि फोड यांचा संबंध असा की कोरडी, टणक कड आली की तिच्या भोवती ओढ जास्त बसते. म्हणून शर्यतीपूर्वीच्या आठवड्यांत रात्री टाचांना असे काही लावून त्या मऊ ठेवणे शहाणपणाचे ठरते. प्रत्यक्ष धावताना लावलेल्या वंगणाचा प्रकार मात्र फसवा असतो. पहिला तासभर घर्षण चांगलेच कमी होते. पुढे वंगण मोज्यात शिरते, कातडीला ओल धरून ठेवते, आणि तीनएक तासांनी घर्षण मुळात होते त्यापेक्षाही वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. दहा किलोमीटर धावणाऱ्याला वंगण तारून नेईल. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्याला, ज्या वेळी त्याची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी, ते दगा देईल. मधे थांबून पाय पुसून पुन्हा लावणे शक्य असेल तरच त्यावर भिस्त ठेवावी. पायात पावडर टाकण्याने फोड टळतात असेही फारसे सिद्ध झालेले नाही. घामाने तिचे गोळे होतात आणि गोळे बोचतात.

पायाला घामच येऊ नये असा उपाय अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यार्थ्यांवर करून पाहण्यात आला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात घाम रोखणारा अॅल्युमिनियम क्लोराइडचा द्राव विद्यार्थ्यांनी काही रात्री पायांना लावला आणि नंतर २१ किलोमीटरची कूच केली. नियमाने द्राव लावणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले. नुसता खोटा द्राव लावणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांना आले. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पण त्याच प्रयोगात खरा द्राव लावणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या कातडीची आग झाली. म्हणून हा उपाय करायचाच तर आधी पाहून, बेताने करावा.

सर्वांत स्वस्त उपाय जखमेवर लावण्याच्या साध्या कागदी चिकटपट्टीचा आहे. वाळवंटांतून सहा टप्प्यांत अडीचशे किलोमीटर धावण्याच्या काही शर्यती जगात होतात. तेथील १२८ धावकांच्या एका पायाला ही पट्टी लावून आणि दुसरा पाय तसाच ठेवून डॉक्टरांनी तुलना केली. २०१६ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. पट्टी लावलेल्या जागी फोड सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आले. त्याच मंडळींच्या आधीच्या एका प्रयोगात मात्र पट्टीचा काहीच लाभ दिसला नव्हता. दुसऱ्या वेळी ती ज्याच्या त्याच्या नेहमीच्या फोडाच्या जागी लावली गेली होती. यावरून एवढे कळते की स्वतःचा पाय नेमका कोठे फुटतो हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच पट्टीचा उपयोग आहे. धावकाने हे टिपून ठेवावे. पट्टी कोरड्या, स्वच्छ कातडीवर लावावी, तिचे कोपरे कात्रीने गोल कापावे आणि तिला एकही सुरकुती राहू देऊ नये. सुरकुतलेली पट्टी ही पट्टी नसलेल्या पायापेक्षा वाईट.

याशिवाय कातडीची स्वतःची तयारी आहे. थोडी थोडी ओढ दररोज बसत गेली तर काही आठवड्यांत वरचा थर जाड आणि चिवट होतो. अंतर हळूहळू वाढवण्याचा उपदेश स्नायूंच्या आणि सांध्यांच्या काळजीने केला जातो. तो कातडीलाही तितकाच लागू आहे. मात्र घट्टा पडणे आणि कातडी तयार होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. घट्टा फार जाड झाला की त्याच्या कडेखाली, खोलवर फोड येतो आणि तो फोडताही येत नाही. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना वजरीने घट्टा अधूनमधून घासून पातळ ठेवावा. नखे सरळ कापावीत. उतारावर पाय जोड्यात पुढे घसरतो आणि बोटे समोर आदळतात. सातारच्या यवतेश्वर घाटातल्या शर्यतीसारख्या ठिकाणी अर्धे अंतर असे उताराचेच असते आणि हंगामही पावसाळ्याचा. तेथे नाडी उतार लागण्यापूर्वी आवळून घेणारे धावक दिसतात. ते बहुधा आधी एकदा नखे गमावलेले असतात.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती एरवी जानेवारीत असते, तरी समुद्रकाठची हवा दमटच असते. उन्हे वर आली म्हणजे धावक डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी करतात. डोक्यावर ओतलेले पाणी पाठीवरून, पायांवरून थेट जोड्यात जाते आणि उरलेले सर्व अंतर पाय भिजलेल्या मोज्यात काढावे लागते. ओतायचेच झाले तर पुढे वाकून मानेवर थोडे घ्यावे आणि पाणी जमिनीवर पडू द्यावे. एवढ्याशा वाकण्याने टाचेचा फोड वाचतो.

धावणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक पाय दर आषाढात चालत असतात. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर निघालेला वारकरी सुमारे तीन आठवड्यांत अडीचशेच्या घरात किलोमीटर चालून पंढरपूरला पोहोचतो. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा पायांची पहिली खरी परीक्षा घेतो. वर पाऊस, खाली चिखल आणि पायांत बहुधा नवी वहाण, कारण वारीसाठी म्हणून ती मुद्दाम घेतलेली असते. मुक्कामावर वारकऱ्यांचे पाय चेपणारे, त्यांना तेल चोळणारे आणि तुटलेल्या वहाणा शिवून देणारे सेवेकरी असतात. त्या सेवेत कोरड्या फडक्याचीही एक जागा आहे. मुक्कामाला पोहोचताच पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, तासभर ते उघड्यावर कोरडे होऊ दिले तर दुसऱ्या दिवसाचे निम्मे फोड टळतात. तेल मागाहून चोळावे.

इतके करूनही फोड येतातच. ते येण्यापूर्वी एका जागी ऊब लागल्यासारखे, चुरचुरल्यासारखे वाटते. हीच वेळ थांबण्याची असते. मोजा काढून खडा किंवा चुणी असेल तर ती दूर करणे, जागा पुसणे आणि पट्टी लावणे याला तीन मिनिटे लागतात. ती तीन मिनिटे वाचवणाऱ्याला पुढे तासभर द्यावा लागतो.

फोड लहान असेल आणि दुखत नसेल तर त्याला हात लावू नये. वरचे कातडे ही निसर्गाने बांधलेली पट्टी असते. त्याखाली नव्या पेशी चोवीस तासांच्या आत जोमाने वाढू लागतात आणि पाचव्या दिवसापर्यंत नवे कातडे तयार होते. फोड मोठा, तणावलेला आणि चालू न देणारा असेल तरच पाणी काढावे. त्यासाठी हात साबणाने धुऊन, फोडावर स्पिरिट लावून, औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पाकीटबंद निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडावे आणि स्वच्छ कापडाने हलके दाबावे. कातडे कापून टाकू नये. पाणी पुन्हा भरते, म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीन वेळा काढावे लागते. १९६८ साली झालेल्या तुलनेत असे वारंवार पाणी काढलेल्या फोडांचे कातडे पुन्हा चांगले बसले. फोडातून सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवण्याची रीत जुन्या सैनिकांत आणि धावकांत आढळते. पाणी त्यावाटे झिरपत राहते हे खरे, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्यावरची घाण आत जाते. ही रीत सोडून द्यावी.

घाण आत जाणे म्हणजे काय, हे एका घरावर ओढवलेल्या प्रसंगावरून कळते. १९२४ सालच्या जूनअखेर अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता बूट चढवून टेनिस खेळला. त्याच्या पायाच्या बोटावर फोड आला. फोडातून जंतू रक्तात शिरले आणि राष्ट्राध्यक्षाच्या दाराशी देशातले उत्तमोत्तम डॉक्टर उभे असताना ७ जुलैला तो मुलगा दगावला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे आणि ते औषध म्हणून हाती यायला त्याहून अधिक काळ होता. आज तशी असहायता राहिलेली नाही, परंतु फोडाभोवती लाली पसरू लागली, पू आला, पायावरून वर लाल रेघ दिसू लागली, जांघेत गाठ आली किंवा ताप भरला, तर घरगुती उपाय बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे लोटली असल्यास तेही त्यांना सांगावे.

मधुमेही माणसाची गोष्ट याहून नाजूक आहे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. इतरांना ज्या चुरचुरण्याने वेळीच सूचना मिळते, ती त्याला मिळतच नाही. मोज्यावर डाग दिसतो तेव्हा त्याला फोड कळतो. रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे जखम भरत नाही आणि पाय कापावा लागण्यापर्यंत पाळी येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालणारे, हळूहळू धावू लागलेले असे पुष्कळ मधुमेही आता आपल्या शहरांत दिसतात. त्यांनी जोडा घालण्यापूर्वी त्यात हात घालून खडा किंवा निघालेला टाका चाचपून पाहावा, आणि घरी आल्यावर तळवे डोळ्यांनी पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावेत, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. आलेला फोड मात्र त्यांनी स्वतः कधीही फोडू नये.

इतरांनी पुन्हा धावायला केव्हा लागावे, याला सोपी कसोटी आहे. अंगठ्याने ती जागा दाबल्यावर दुखत नसेल आणि पट्टी लावून घरात चालताना पाऊल वाकडे पडत नसेल, तर प्रथम दोन-तीन किलोमीटर धावून पाहावे आणि लगेच मोजा काढून जागा तपासावी. ती लाल झालेली दिसली तर आणखी दोन दिवस थांबावे.